जाहिरातीचीही पट्टी मागा!

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकून आल्यावर आपण पहिल्यांदा काय बघतो? पट्टी. वजन किती भरलं, दर काय लागला, हमाली-तोलाई किती कापली आणि हातात काय उरलं. पाच रुपयांचा फरक दिसला तरी आपण दुकानाची पायरी परत चढतो. पण हाच माणूस फेसबुक-इन्स्टाग्रामवर पाच हजारांची जाहिरात देतो आणि पोरानं मोबाइल पुढे धरून "आप्पा, चाळीस हजार लोकांनी बघितलं" म्हटलं की खूश होतो! किती किलो खपलं, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आता गावोगाव अशा जाहिराती चालल्या आहेत. तासगावकडचा बेदाणा, सांगलीची हळद, कराडकडचा गूळ, महाबळेश्वर-वाईची स्ट्रॉबेरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा. माल अस्सल, नावाजलेला. तो थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकावा, ही धडपडही रास्त. तेव्हा जाहिरात करू नका, असे माझे म्हणणे मुळीच नाही. म्हणणे एवढेच की, अडत वाचवायला निघालेला पैसा मोबाइलच्या पडद्यावर उधळू नका.

जाहिरात आपल्या मातीला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, या समजापायी तो कोणी घेईना. पुढे १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानात, म्हणजे आजच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी वसली. तिथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत न्यावी, हा तिचा मूळ हेतू. यातून घ्यायचा धडा साधा आहे. आधी गिऱ्हाइकाच्या मनातली शंका फेडावी लागते, मग माल खपतो. साधन बदललं, माणूस बदललेला नाही.

आता या नव्या साधनाची रीत समजून घ्या. तिथेही सौदाच होतो. एखाद्याच्या मोबाइलवर कोणाची जाहिरात दाखवायची, याची बोली दर वेळी क्षणार्धात लागते. मात्र जास्त पैसे लावणाराच जिंकतो असे नाही. समोरचा माणूस ती जाहिरात बघून काही करील का, आणि जाहिरातीचा दर्जा कसा आहे, हेही तोललं जातं. म्हणून चांगल्या जाहिरातीला तीच जागा कमी पैशात मिळते.

आणि यातली खरी मेख पुढेच आहे. जाहिरात देताना तुमचा हेतू विचारला जातो. लाइक हवेत, व्हिडिओ बघणारे हवेत, की मालाची चौकशी करणारे हवेत? तुम्ही जे मागाल, ते करणारी माणसं ती यंत्रणा शोधून आणते. घाईने 'बूस्ट'चं बटण दाबलं आणि लाइक मागितले, तर दिसेल त्याला अंगठा दाखवणारी माणसं मिळतील. त्यातल्या किती जणांनी आयुष्यात एक किलो हळद विकत घेतली असेल? तेव्हा व्हॉट्सॲपवर चौकशी यावी, हा हेतू निवडा. बघणारे कमी होतील, घेणारे वाढतील. लाइक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे.

दुसरी गोष्ट, जाहिरात कुठे दाखवायची. माल पोचत नाही तिथे जाहिरात पोचवून काय उपयोग? स्ट्रॉबेरी नाजूक. ती वेळेत ताजी पोचेल तेवढ्याच शहरांत दाखवा. बेदाणा, हळद, गूळ पार्सलने लांब जाऊ शकतात, पण सुरुवात एखाद्या शहरापासूनच करा, म्हणजे हिशेब कळतो. सणावारी बेदाण्याला मागणी येते. जाहिरात सणाच्या दिवशी नको, माल पोचायला लागणारे दिवस मोजून आधी सुरू करा.

तिसरी गोष्ट, जाहिरात कशी असावी. नेत्यांचे फोटो, गुलाबाची फुलं, 'सहर्ष सादर करीत आहोत' यातलं काही नको. बघणारा अंगठ्याने सरसर वर सरकवत असतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत माल दिसला पाहिजे. हळद शिजताना, गुऱ्हाळावर काकवी उकळताना, शेडमध्ये बेदाणा वाळताना मोबाइल उभा धरून चित्रण करा. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मजकूर पडद्यावर मराठीत लिहा. वजन, किंमत, पोच खर्च आणि गाव स्पष्ट सांगा. 'किमतीसाठी संपर्क करा' असे लिहिले की चौकशा ढीगभर येतात अन् गिऱ्हाईक एखादंच.

दोन जाहिराती करा. फोटो वेगळे, बाकी सगळं सारखं. सारखेच पैसे लावून आठवडाभर चालू द्या. कोणती चालते ते दिसेल. रोज उठून त्यात बदल करू नका. बी पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरून बघतो का आपण? यंत्रणेलाही गिऱ्हाईक ओळखायला काही दिवस लागतात. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर कशाने फरक पडला ते कळतं.

आता पट्टीकडे येऊ. समजा, एक किलो हळद पुडीमागे सगळा खर्च जाऊन तुम्हाला ८० रुपये सुटतात. जाहिरातीला जीएसटी धरून ३,००० रुपये घातले. साठ जणांनी विचारलं, बारा जणांनी दोन-दोन किलो घेतली. म्हणजे २४ किलो. किलोमागे जाहिरातीचा खर्च पडला १२५ रुपये. सुटतात ८० आणि घातले १२५! एकूण १,०८० रुपयांचा तोटा, आणि तोंडाने आपण सांगतोय की साठ चौकशा आल्या.

पण थांबा. त्याच बारा जणांनी वर्षात आणखी दोनदा दोन-दोन किलो मागवली, तर एकूण ७२ किलो होतात आणि जाहिरातीचे ३,००० वजा जाऊन २,७६० रुपये उरतात. जाहिरातीचं यश ठरतं ते इथे, दुसऱ्या खेपेला. म्हणून चौकशी आली की तासाभरात उत्तर द्या. रानात असाल तर घरात एकाने ते काम अंगावर घ्यावं. वजन चोख द्या. गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन त्याचा नंबर वहीत टिपा आणि नवा माल निघाला की आधी त्यालाच कळवा. त्याला पुन्हा जाहिरातीचा खर्च पडत नाही.

आता थोडं बचत गट, शेतकरी कंपन्या आणि गावातल्या अधिकाऱ्यांसाठी. जाहिरातीचं काम बाहेरच्या माणसाला जरूर द्या, पण पेज आणि जाहिरातीचं खातं गटाच्या नावावर ठेवा. ते त्याच्या नावावर असलं आणि पुढे बिनसलं, तर वर्षभर जमवलेली गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर जातात. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण विहीर खोदतो का? खर्चाची मर्यादा खात्यातच घाला आणि दर आठवड्याला तीन आकडे मागा : पैसे किती गेले, पार्सलं किती गेली, जुनं गिऱ्हाईक किती परत आलं.

कायद्याचंही भान हवं. हळदीने मधुमेह बरा होतो, कर्करोग जातो, असल्या जाहिराती सर्रास दिसतात. १९५४ च्या चमत्कारी उपायांविरुद्धच्या कायद्यात आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत असे दावे बसत नाहीत. पूड, जॅम, काकवी पाकिटात भरून विकायची तर प्राधिकरणाची नोंदणी घ्या आणि तो चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापा. सांगलीच्या बेदाण्याला व हळदीला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला, वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे; पण ते आपल्या पाकिटावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. कृषी खात्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी खरी मदत करायची ती इथे. पेजचं उद्घाटन करून फोटो काढण्यापेक्षा गटाला हे कागद मिळवून दिले, तर शंभर जाहिरातींचं काम होईल. आणि आढावा बैठकीत 'किती लोकांनी पाहिले' हा रकाना खोडून 'किती किलो विकले' हा रकाना घाला.

लहान शेतकऱ्याजवळ, बचत गटातल्या बायांजवळ वाया घालवायला भांडवल नसतं. दोन हंगाम पैसे बुडाले की ती माणसं म्हणतात, "आपल्याला विकायचं जमत नाही," आणि माल निमूटपणे परत पडत्या दराने देऊन टाकतात. दोष मालाचा नसतो, त्यांचाही नसतो. हिशेब कोणी दाखवलेला नसतो. म्हणून पुढच्या वेळी पोरानं मोबाइल पुढे धरला, की कौतुक जरूर करा. पण लगेच विचारा, "बाळा, पट्टी कुठाय?"