'बांबूचे' मोजे आणि कामगाराचा श्वास

दादरच्या बाजारात हल्ली 'बांबूचे' मोजे, बनियन, टॉवेल मिळतात. वेष्टनावर हिरवे पान आणि 'नैसर्गिक' हा शब्द असतो. प्रत्यक्षात अशा नावाने विकला जाणारा बराचसा माल व्हिस्कोस असतो. बांबूचा किंवा लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून तो विरघळवायचा आणि सल्फ्युरिक आम्लात त्याचे धागे काढायचे, अशी ही 1892 पासूनची पद्धत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये असे कापड नुसते 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली होती.

मोजे घालणाऱ्याला यातून सहसा अपाय होत नाही. किंमत मोजतो तो बनवणारा. कार्बन डायसल्फाइडची वाफ वर्षानुवर्षे श्वासातून गेली, तर हातापायांना मुंग्या येतात, कंप सुटतो, स्वभाव बदलतो. व्हिस्कोस कामगारांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आहेत, हे ब्रिटनमध्ये 1968 सालीच दिसून आले. आपल्याकडेही 1948 च्या कारखाना कायद्याने या विषबाधेची नोंद कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. आणि हे उद्योग काही परदेशातच नाहीत. मध्य रेल्वेवरच्या शहाडच्या रेयॉन कारखान्यात सप्टेंबर 2023 मध्ये कार्बन डायसल्फाइडच्या टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले.

'नैसर्गिक' या शब्दाला भुलू नये, हे परळ-लालबागला वेगळे सांगायला नको. कापूस तर शंभर टक्के नैसर्गिक. तरी त्याच्या धुळीने गिरणीच्या कार्डिंग खात्यातल्या माणसांना बायसिनोसिस होई. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून येणे, ही त्या रोगाची खूण.

व्हिस्कोसला पर्याय आहेत. लायोसेलच्या पद्धतीत लगदा एनएमएमओ या द्रावकात थेट विरघळतो, कार्बन डायसल्फाइड लागतच नाही. चांगल्या कारखान्यात 99 टक्क्यांहून अधिक द्रावक परत मिळवून पुन्हा वापरला जातो. मात्र तो प्रमाणाबाहेर तापला तर स्फोटक ठरू शकतो. आयनिक द्रव सहसा हवेत उडत नाहीत, त्यामुळे वाफेचा धोका खूप कमी. पण त्यांतले काही पाण्यातल्या जीवांना घातक आहेत. सांगायचे ते एवढेच, की 'पर्यावरणस्नेही' ही पदवी द्रावकाला कायमची मिळत नाही. तो कसा हाताळला जातो, किती परत मिळवला जातो आणि त्याच्याजवळ आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे काय होते, हे पाहूनच ती द्यायला हवी. तपासणी नदीच्या पाण्याची होते तशीच कामगाराच्या नसांची आणि हृदयाचीही व्हावी.

त्यासाठी वेष्टनावर धाग्याचे खरे नाव आणि प्रक्रिया छापणे सक्तीचे हवे. माटुंग्यात 1924 पासून कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे, रसायन तंत्रज्ञानाची नामवंत संस्थाही तिथेच आहे. नव्या द्रावकांच्या प्रयोगात अशा संस्थांनी पहिल्या दिवसापासून व्यवसायजन्य आजारांचे डॉक्टर सोबत घ्यावेत. आणि आम्ही डॉक्टरांनी मुंग्या येतात म्हणून आलेल्या रुग्णाची साखर तपासताना, तो काम कुठे करतो आणि तिथे कसला वास येतो, हेही केसपेपरवर लिहावे.