आचारी आणि आचार्य

परवा आत्याचा फोन आला. "अरे, दादाने लिहिलेली ती घरची हकिकत आहे ना तुझ्याकडे? पाठव बघू. नातीला वाचायची आहे. तिकडे अमेरिकेत वाढलीय, पण मराठी वाचते हो!"

अण्णा निवृत्त झाल्यावर संगणक शिकले. २००३ च्या पावसाळ्यात त्यांनी रोज सकाळी दोन तास बसून आमच्या घराची हकिकत टाइप केली. ८४ पानं. गावचं घर, वाटण्या, आत्याचं लग्न, सगळं त्यात. फाइल मी सीडीवरून हार्डडिस्कवर, एका हार्डडिस्कवरून दुसरीवर नेत जपून ठेवली होती. अण्णा २०११ मध्ये गेले. "आज रात्रीच पाठवतो," असं मी आत्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

रात्री फाइल उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, महिरपी कंस आणि स्वल्पविराम. मराठीचं एक अक्षर नाही.

काय झालंय ते मला लगेच कळलं, कारण माझी रोजीरोटी संगणकावरच आहे. पण कळणं वेगळं आणि आपल्या वडिलांची ८४ पानं अशी समोर दिसणं वेगळं.

जी मंडळी ह्या भानगडीत कधी पडली नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर ह्याचा जो ठराव, त्याला एन्कोडिंग म्हणायचं. युनिकोडच्या ठरावात 'क' म्हणजे २३२५. जगातल्या कुठल्याही संगणकावर २३२५ म्हणजे 'क'च. अण्णांनी वापरलेल्या फाँटची युक्ती निराळी होती. त्यात आकडा इंग्रजी अक्षराचा आणि त्या जागी चित्र मात्र मराठी अक्षराचं. पडद्यावर मराठी दिसायचं, कागदावर सुरेख छापलं जायचं. पण संगणकाच्या लेखी अण्णांनी ८४ पानांत मराठीचा एक शब्दसुद्धा लिहिला नव्हता. फाँट गेला आणि मुखवटा उतरला.

बरं, तेव्हा दुसरा पर्याय नव्हता असंही नाही. भारतीय मानक ब्यूरोचा इस्की हा ठराव १९९१ सालचा. त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यात देवनागरी होती. देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली. पण अण्णांना छापखानेवाल्याने सांगितलं होतं, "काका, ह्याच फाँटमध्ये आणा." आणि मी, घरातला संगणकवाला, तेव्हा म्हणालो होतो, "दिसतंय ना नीट? मग झालं!"

हे वाक्य मला आता टोचतं.

असो. एका मित्राने जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम दिला. हे काम वाटतं तितकं सरळ नसतं. 'कि' लिहिताना जुना फाँट आधी वेलांटी आणि मग 'क' साठवतो, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोड आधी 'क' आणि मग वेलांटी साठवतं, म्हणजे तोंडाने म्हणतो त्या क्रमाने. रफाराचंही तसंच. 'अर्थ' मधला 'र' बोलताना 'थ'च्या आधी येतो, पण जुन्या फाँटमध्ये तो 'थ'नंतर टाइप केलेला असतो. एवढं सगळं त्या प्रोग्रामने नीट उलटसुलट केलं. समोर मराठी आली. मी खूश. फाइल आत्याला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी फोन. आत्याला हसू आवरत नव्हतं. "काय रे, माझ्या लग्नात आचार्यांनी जिलबी करपवली?"

अण्णांनी लिहिलं होतं 'आचाऱ्यांनी'. स्वयंपाकाच्या आचाऱ्याने करपवलेली जिलबी आचार्यांच्या माथी बसली होती. पुढे गावाचं वर्णन. 'घाटापलीकडच्या दऱ्यांमध्ये' ह्याचं झालं होतं 'दर्यांमध्ये'. आमचं गाव एका रात्रीत डोंगरावरून समुद्रात!

चूक कुठली ते बघितलं. जुन्या फाँटमध्ये तो आडवा अर्धा 'र' हे एक स्वतंत्र चित्र होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्याच्या जागी सरळ 'र' आणि हलन्ताचं चिन्ह ठेवलं. पुढे 'य' आला की युनिकोडच्या नियमाने त्याचा होतो रफार. ज्याला हिंदी येते पण मराठी येत नाही, त्याला ह्यात काही वावगं दिसणारच नाही, कारण हिंदीला हा अर्धा 'र' लागतच नाही. आपल्याला लागतो. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे: नुक्त्याचा 'ऱ' (२३५३) घ्यायचा आणि त्याला हलन्त जोडायचा. 'र', हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह ठेवूनही तेच अक्षर दिसतं. डोळ्याला दोन्ही सारखी, साध्या शोधाला मात्र हे दोन वेगळे शब्द. एका पद्धतीने लिहिलेला 'आचाऱ्यांनी' दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही.

आता माझं म्हणणं. एन्कोडिंग ठरवणं हे तंत्रज्ञांचं रुक्ष काम आहे असं आपण समजतो. मला वाटतं ते भाषेचं काम आहे. आचारी आणि आचार्य ह्यांत फरक आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस ठरावाच्या वेळी तिथे बसलेला असला पाहिजे.

युनिक्स आणि लिनक्समध्ये एखाद्या भाषेचं लोकेल तयार करताना संगणकाला दोन गोष्टी द्याव्या लागतात. एक, नियमांची फाइल: अक्षरांचा क्रम, तारीख, वार, चलन वगैरे. दुसरी, ते नियम कुठल्या एन्कोडिंगवर चालणार त्याची फाइल. दुसरी नसेल तर पहिलीला पाय ठेवायला जागा नाही. जर्मन आणि जपानी भाषांना तिथे एकाहून जास्त एन्कोडिंगं आहेत, कारण त्यांचा जुना पसारा अधिकृतपणे नोंदलेला आहे. मराठीला एकच, यूटीएफ-८. आयएसओच्या ८८५९ ह्या मालिकेत एक ते सोळा भाग आहेत, त्यातला बारावा नाहीच. देवनागरीच्या भागाचं ते काम १९९७ साली सोडून दिलं गेलं. म्हणजे अधिकृत दप्तरात आपला इतिहास अगदी स्वच्छ, आणि खरा पसारा घराघरातल्या सीड्यांवर.

पहिलीचं महत्त्वही तेवढंच. युनिकोडमध्ये 'ळ'चा आकडा २३५५ आहे, 'ल'च्या लगेच नंतरचा. नुसत्या आकड्यांवर नावांची यादी लावली तर 'ळ' येतो 'ल' आणि 'व'च्या मध्ये. आपल्या शाळेत तो 'ह'नंतर येतो, आणि मग 'क्ष' आणि 'ज्ञ'. 'क्ष' आणि 'ज्ञ' ह्यांना तर स्वतःचा आकडाच नाही, ती जोडाक्षरं. हा क्रम कुणीतरी मराठी माणसाने बसून लोकेलच्या नियमांत लिहावा लागतो, तेव्हा संगणकाला कळतो. 'ॲ'ची गोष्ट तशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. तोवर आपण ब्लॉगवाले कुणी हिंदीचा 'ऍ' वापरत होतो, कुणी 'अ'वर चंद्र ठेवत होतो. कुणीतरी मागितलं तेव्हा मिळालं. न मागता मिळालं असतं असं मला वाटत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा अर्ध्या 'र'साठी काय एवढं? संदर्भावरून कळतंच की! आत्याला कळलं, खरं आहे. ती त्या लग्नात नवरी होती. तिच्या नातीला कळलं नसतं. तिने आमच्या घरी जिलबी तळणारे आचार्य होते असंच मनात धरलं असतं, आणि तिला दुरुस्त करायला पुढे कुणी उरलं नसतं.

गेले तीन रविवार मी ती ८४ पानं ओळीने वाचतोय. दुरुस्त्या २०० च्या वर गेल्या. जिथे मला अडतं तिथे आत्याला फोन करतो. "इथे 'कार्याला' आहे की 'काऱ्याला'?" ती हसते आणि मग त्या कार्याची सगळी कथा सांगते, अण्णांनी न लिहिलेलीसुद्धा. तीही मी खाली लिहून ठेवतोय, ह्या वेळी युनिकोडमध्ये.

तुमच्या घरी अशी एखादी सीडी असेल तर ह्या रविवारी काढा. आकडे काय, नंतरही बदलता येतील. पण आचारी होता की आचार्य, हे सांगणारं माणूस फोनवर आहे तोवर काढा.