पट्टा सोडण्याआधी...

दापोली असो, गुहागर असो की मालवण, सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं. कुणाचा तरी कुत्रा मोकाट धावत येतो, समोरची बाई लेकराला घट्ट धरून जागीच थिजते आणि लांबून मालक ओरडतो, 'काही करत नाही हो तो!' मालकाला ते ठाऊक असतं, पण त्या बाईला कसं कळणार?

कुत्र्याला कधी मोकळं सोडूच नये, असं माझं म्हणणं नाही. दिवसभर साखळीला बांधलेल्या जिवाला धावायला मिळायलाच हवं. पण मोकळं सोडायची तयारी किनाऱ्यावर नाही, घरात करावी लागते. आणि मैत्रिणींनो, ही तयारी बहुतेक आपल्याच वाट्याला येते. कुत्रा आणायची हौस मुलांची, त्याला मिरवणं यजमानांचं आणि त्याचं जेवणखाण, आंघोळ मात्र आपल्याकडे! म्हणूनच 'अजून पट्टा सोडायचा नाही' हे ठणकावून सांगायचा अधिकारही आपलाच.

पहिला धडा हाकेचा. 'ये' किंवा 'इकडे', शब्द कोणताही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. सुरुवात स्वयंपाकघरात करावी. हाक मारली, आला, की लगेच उकडलेल्या चिकनचा बिनहाडाचा तुकडा नाहीतर पोळीचा घास द्यायचा. घरात जमलं की अंगणात, मग गल्लीत. हाकेला आलेल्या कुत्र्यावर कधीही रागवू नये, कितीही उशिरा आला तरी! नाहीतर हाक म्हणजे शिक्षा, असं त्याच्या डोक्यात बसतं. अन् फक्त घरी न्यायच्या वेळीच हाक मारली, तर तो हुशार प्राणी लांबूनच आपली मजा बघत राहतो. म्हणून बोलवावं, खाऊ द्यावा आणि परत खेळायला सोडावं.

मग किनारा. तिथेही आधी दहा-पंधरा मीटरची दोरी बांधून. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला न बांधता छातीवरून येणाऱ्या पट्ट्याला बांधावी, म्हणजे धावताना मानेला हिसका बसत नाही. समोर दुसरा कुत्रा, पक्षी, चेंडू खेळणारी मुलं असतानाही तो पहिल्याच हाकेला वळतो का, हे बरेच दिवस बघावं. वळत असेल तरच, गर्दी नसलेल्या वेळी आणि तिथे मनाई नसेल तर, दोरी काढावी. रेबीजची लस आणि पुढचे डोस वेळच्या वेळी झालेले हवेत, हे वेगळं सांगायला नको. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज झालेला माणूस सहसा वाचत नाही.

दुसरा शब्द 'सोड'. वाळूत गळ असतात, जाळ्यांचे तुकडे असतात, मेलेले मासे असतात. केंड माशाचं विष तर शिजवूनही जात नाही. तोंडातली वस्तू सोडायची सवय असेल, तर जीव वाचतो. सोबत गोडं पाणी न्यावं. खारं पाणी जास्त पोटात गेलं, तर उलट्या-जुलाब होतात आणि प्रसंगी जिवावरही बेततं. वाळूवर हाताची मागची बाजू टेकून बघावी. आपल्याला पाच-सात सेकंद सोसवत नसेल, तर त्याच्या पायांनाही सोसत नाही. भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या जवळही नेऊ नये.

किनारा काही आपल्या एकट्याचा नाही. तिथे कोळणींची सुकट, बोंबील वाळत असतात. कुत्र्याने त्यात एकदा तोंड घातलं, की तिची दिवसाची कमाई गेली. तिथेच थंडीच्या दिवसांत रात्री ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. एकेका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून ही अंडी जपायचं काम सुरू झालं. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नयेत, म्हणून ती कुंपणात हलवली जातात. तेव्हा नोव्हेंबर ते मे या काळात कासवांच्या किनाऱ्यांवर, विशेषतः अंधारात, कुत्रा दोरीलाच असावा.

कायदाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्याच्या धाकापेक्षा शेजारधर्म मोठा.

मुलांना आपण रस्ता ओलांडायला हात धरून शिकवतो आणि मगच एकटं शाळेत पाठवतो. त्याला कुणी जाच म्हणत नाही. मुक्या जिवालाही तेवढंच शिकवावं. मग त्याचं धावणं बघताना आपल्यालाही आनंद होईल आणि समोरून येणारीलाही रस्ता बदलावा लागणार नाही. पटतंय ना?