त्या अर्ध्या कागदाबद्दल

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जालना

महोदय,


माझ्या पाकिटात काही वर्षांपासून एक चिठ्ठी आहे. केसपेपर फाडून केलेला अर्धा कागद. त्यावर नाव, वय २२, आणि खाली एक ओळ : ‘रेफर टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट’. सही कोणाची ते लागत नाही, शिक्का अर्धाच उमटलाय.

पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पाय सुजलेले, डोकं दुखायचं. ‘होतं असं’ म्हणून आम्ही दिवस काढले, ती चूक आमची. एका पहाटे झटके आले. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कोणता ते लिहीत नाही, कारण दुखणं एका दवाखान्याचं नाही. तिथल्या सिस्टरने तिला पटकन कुशीवर वळवलं, सुया दिल्या, एकशे आठ ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ‘वर न्या’ म्हणून सांगितलं. वरच्या दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘मॅगसल्फ दिलंय का? किती वाजता?’ मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उलटून पाहिली. मागची बाजू कोरी. मग वहिनीला विचारलं. तिला एवढंच आठवत होतं की कमरेत सुई टोचली तेव्हा पोरगी विव्हळली. एका बाजूला की दोन्ही? वहिनी रडायलाच लागली. खालच्या दवाखान्याचा नंबर आमच्यापैकी कोणाकडे नव्हता.

मॅगसल्फबद्दल तुम्हाला सांगणं म्हणजे वैद्यालाच काढा शिकवणं. पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. झटके थांबवणारं हे औषध जुनं आणि स्वस्त आहे. पहिला मोठा डोस दिला की पुढचा चार तासांनी, तोही गुडघ्यावर टिचकी मारून, श्वास मोजून, लघवी पाहून. दिलेलं नाही असं समजून पुन्हा दिलं तर श्वास बंद पडू शकतो. दिलंय असं समजून थांबलं तर झटके परत येतात. त्या कागदावर नुसती वेळ लिहिलेली असती तरी पुरलं असतं. पुतणी वाचली, बाळ गेलं. त्याचा दोष मी चिठ्ठीला देत नाही, तेवढं कळतं मला.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात आपलंही होतं. १०० जागा. तोवर भोकरदन असो की परतूर, केस जड झाली की उत्तर एकच असायचं : ‘घाटीला न्या.’ घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय, जालन्यापासून पुढे साठेक किलोमीटर. आता लोक तुमच्याकडे मशिनी मागतील, पदं भरा म्हणतील. मागावंच, ते हक्काचं आहे. मी मात्र कागद मागतोय.

रेफरचा छापील फॉर्म करा आणि जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत पोहोचवा. काय दिलं, किती, किती वाजता, निघताना बीपी किती, का पाठवलं, कोणाशी बोलून पाठवलं. पाच-सहा रकाने. पाठवण्याआधी फोन करता येईल असा एक नंबर हवा, आणि तो रात्री तीन वाजता उचलणारा माणूस हवा. तिसरी गोष्ट आपल्याकडे कुठेच होताना मी पाहिली नाही : उलटी चिठ्ठी. पेशंटचं पुढे काय झालं हे पाठवणाऱ्या डॉक्टरला कळवणं. बरोबर सुई देऊन एक जीव वाचवणाऱ्या त्या सिस्टरला आजतागायत कोणी ते सांगितलेलं नाही. (मी जायला हवं होतं. गेलो नाही.)

माता-मृत्यू झाला की त्याचं अन्वेषण करायची पद्धत सरकारात आहेच. मग मरता मरता वाचलेल्यांचं आणि रेफर होऊन दगावलेल्या इतर पेशंटचं का नको? २०२३ मध्ये ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबरच्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ जण गेले, त्यात १२ नवजात. बरेच रुग्ण बाहेरून अत्यवस्थ होऊन आले होते, असं तेव्हा सांगण्यात आलं. असेलही. पण कुठून निघाले, किती वाजता, हातात काय लिहिलेलं घेऊन? या प्रश्नांवाचून ‘अत्यवस्थ’ हा शब्द नुसता हात झटकायला उपयोगी पडतो.

कागदाने काय होतं, असं कोणी म्हणेल. तामिळनाडूत औषधखरेदीचं महामंडळ १९९४ साली निघालं, आणि त्याने दवाखान्यांना चक्क औषधांची पासबुकं दिली. काय उचललं, किती शिल्लक, सगळं त्यात. साधी वहीच ती.

दुसरी बाजूही मला दिसते. रात्री एकटा डॉक्टर, टेबलावर एक बाळंतीण, दारात दुसरी, आणि बाहेर आम्ही नातेवाईक, आवाज चढवून. लिहिलेली वेळ उद्या आपल्याच गळ्यात येईल, या भीतीनेही चिठ्ठ्या कोऱ्या राहतात. दर महिन्याला रेफर केसेसची बैठक घ्या, पण म्हणूनच तिला चौकशीचं रूप येऊ देऊ नका. नोटिसा निघू लागल्या की रकाने भरतील, पण खोटे.

जिल्हा शल्यचिकित्सक आणि आपण, दोन खात्यांचे दोन साहेब. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, वैद्यकीय शिक्षण खात्याच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. आम्हाला ही सीमारेषा केसपेपरच्या खिडकीपाशी कळते. निदान चिठ्ठी तरी दोघांची एकच असू द्या.

तुमची पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून २०३० च्या आसपास बाहेर पडेल. त्यातली काही मुलं मंठ्याला, जाफ्राबादला, घनसावंगीला रात्रपाळी करतील. माझ्याजवळची चिठ्ठी त्यांना वर्गात दाखवायची असेल तर आणून देतो. नाव तेवढं झाकून घ्या.

आपला,
जालना जिल्ह्यातला एक नातेवाईक