या वयातही डोक्यात शिरते!

“आता या वयात डोक्यात काय शिरणार?” महाड-बिरवाडीच्या वस्त्यांत चाळिशी ओलांडलेली माणसे असे सहज म्हणून जातात. विज्ञान मात्र असे म्हणत नाही.

मोठेपणी मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत नाहीत, असे पूर्वी मानले जाई. १९६०च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांना प्रौढ उंदरांच्या मेंदूत त्या आढळल्या. १९९८ साली माणसातही दिसल्या. आठवणींशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात मूलपेशींचे विभाजन होऊन काहींच्या चेतापेशी बनतात. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली रोज सुमारे ७०० नव्या पेशींचा अंदाज मांडला. २०१८ साली दुसऱ्या एका गटाला प्रौढांत त्या सापडल्याच नाहीत. हा वाद अजून मिटलेला नाही. कालामांना दिलेला बुद्धांचा उपदेश आपण मानतो, तेव्हा येथेही तपासूनच स्वीकारावे. पण शिकताना पेशींमधल्या जोडण्या आयुष्यभर बदलतात, याबद्दल शंका नाही.

म्हणूनच ‘मूलपेशींच्या इंजेक्शनने मेंदू नवा करतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागून दागिने मोडू नका.

प्राण्यांवरील प्रयोगांत धावण्याने नव्या पेशी वाढल्या. दारू, सततचा ताण आणि अपुरी झोप यांनी घटल्या. पाचवे शील पाळणे आपल्या हातात आहे. पण सगळा दोष कामगाराच्या माथी मारणे मला मान्य नाही. जोडून दोन पाळ्या करणाऱ्याने झोपायचे कधी? टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर स्मरणशक्ती आणि एकाग्रता बिघडते. याला ‘वय झाले’ म्हणून गप्प बसायचे का?

मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ करणारे विधेयक मांडले. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली; घातक रसायने हाताळणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगाराला पाहू देणे मालकावर बंधनकारक झाले. कंत्राटी कामगारांनीही आपली नोंद मागावी. एकट्याने मागायची भीती वाटत असेल, तर दहा जणांनी मिळून मागावी. चक्कर, डोकेदुखी, विसराळूपणा वाढला, तर डॉक्टरांना आपण कोणते रसायन हाताळतो तेही सांगावे.

आणि विहारात मुलांच्या अभ्यासवर्गाशेजारी मोठ्यांचाही वर्ग भरवावा. सही शिकायची असो, मोबाईलवरचा अर्ज भरायचा असो की पाली वंदनेचा अर्थ समजून घ्यायचा असो, आया-बहिणींनी आणि आजोबांनी पुढे बसावे.