साधी रायफल

दिवाळीच्या सुट्टीत आमचे चिरंजीव झाशीला घरी आले. मी रायफल पुसायला काढली होती. ती बघून म्हणाले, "बाबा, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलीत आणि शेवटी ही घेतलीत?" त्यांच्या वर्गातल्या कुणाच्या तरी वडिलांकडे विलायती रायफल आहे म्हणे, वर दुर्बीण, अक्रोडाचं लाकूड. आमच्या घरातली ३१५ बोरची, इशापूरची, काळसर लाकडाची आणि खांद्याला कॅनव्हासचा पट्टा असलेली. पोराचा चेहरा असा पडला की मला हसू आलं. पण प्रश्न वाजवी होता आणि तो एकट्या त्याचा नाही, म्हणून उत्तर या पानावर लिहितो आहे. पालकांपैकी पुष्कळजण माझ्यासारखे माजी सैनिक आहेत, काहीजण येत्या दोन-चार वर्षांत पेन्शनीवर येतील आणि तेव्हा ही खरेदी त्यांच्यासमोर येणारच आहे.

आधी रायफलीविषयी. ३१५ म्हणजे इंचाचा ०.३१५ भाग, आपल्या हिशोबात ८ मिलिमीटर. इंग्रजांनी फौजेचं ३०३ बोर साध्या नागरिकाच्या हाती जाऊ नये असा बंदोबस्त केला. दंगा झाला तर फौजेच्या गोळ्या लोकांच्या बंदुकीत चालायला नकोत, हा त्यातला हिशोब. मग शिकारीला वेगळं बोर हवं, ते हे. गोळी मूळची ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेतल्या मॅनलिकर रायफलीची. म्हणजे व्हिएन्नाच्या बादशहाची गोळी आणि बंगालच्या कारखान्यातली रायफल असा हा संसार आहे. ३०३ आजही प्रतिबंधित बोर आहे, ३१५ नाही. रायफलीची जात ली-एनफील्डची. ज्यांनी एनसीसीत किंवा फौजेत बोल्ट ओढला आहे त्यांच्या हाताला ती पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटते. बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, रिकामी आहे की भरलेली ते कळतं. घरात लेकरं असलेल्या माणसाला याहून मोठा गुण मला ठाऊक नाही.

आता माझी कबुली. मलाही ही नको होती. बबिन्याहून शेवटची पोस्टिंग संपवून इथंच राहायचं ठरवलं, तेव्हा हातात फंडाचे पैसे होते आणि एका एजन्सीने बँकेच्या गार्डची नोकरी देऊ केली होती, पण परवाना आणि हत्यार स्वतःचं असावं अशी अट होती. कचेरीत असलहा बाबूंच्या टेबलासमोर किती फेऱ्या झाल्या ते सांगत बसत नाही. परवाना हातात पडला त्या दिवशी मी जमिनीवर नव्हतो. सदर बाजारातल्या चहाच्या टपरीवर आम्ही चार माजी सैनिक बसलो आणि प्रत्येकजण दुसऱ्याला अधिक महागडी रायफल सांगू लागला. माझं मन ३०-०६ वर बसलं होतं. घरी येऊन हिला किंमत सांगितली. ही भाकरी भाजत होती, तवा उतरवला आणि विचारलं, "अहो, एवढ्या पैशात मारायचं काय आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, मारायचं काय आहे? १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, पुढे १९९१ च्या दुरुस्तीने उरल्यासुरल्या वाटाही बुजल्या. आपली मुलं जिम कॉर्बेट वाचतात आणि ते वाचून रायफलीची स्वप्नं बघतात, हे मला ठाऊक आहे, मीही बघितली. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल त्याला १९०७ साली रिग्बीची २७५ बोरची रायफल भेट मिळाली, तीही बोल्ट अॅक्शनच होती. पण तो काळ संपला. स्वतः कॉर्बेटने पुढे कॅमेरा उचलला.

उरली पिकांची राखण. बेतवेच्या काठाला, बरुआसागरच्या बाजूला माझ्या ओळखीच्या शेतकऱ्यांचा वाटाणा आणि हरभरा नीलगायी उभा खातात. विदर्भातले पालक तिला रोही म्हणतात, त्यांना हे दुःख सांगायला नको. कायद्याच्या कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळाली तरच अशा जनावरावर गोळी चालवता येते. परवानगीशिवाय चालवली तर शेतकरीच आरोपी. आणि परवानगी मिळालीच, तरी शेतातलं अंतर किती असतं? ऐंशी पावलं, शंभर पावलं. त्याच्या पुढे मी तर गोळी टाकणार नाही, कारण आमच्याकडे जमीन सपाट, वस्ती विखुरलेली, आणि चुकलेली गोळी कुठे थांबेल हे सांगणारा अजून जन्मायचा आहे. शंभर पावलांवर ३१५ ची जड गोळी पुरून उरते.

३०-०६ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकन फौजेची १९०६ सालची गोळी, नावातच तिचं साल आहे. ती अधिक वेगाने जाते, सरळ जाते, दोनशे मीटरवर ३१५ जिथे खाली बसायला लागते तिथे ही अजून ताठ असते. इशापूरने तीही बनवली. डोंगरात, मोकळ्या माळावर, ज्याला खरोखर लांब मारायचं आहे त्याने घ्यावी. बँकेच्या दारात बसणाऱ्याने का घ्यावी हे मात्र मला कुणी पटवून दिलेलं नाही. तसं बघितलं तर बँकेच्या दारात रायफलीपेक्षा बारा बोरची दुनळीच शहाणपणाची. तिचे छर्रे भिंतीपलीकडच्या दुकानात जाण्याची भीती कमी. माझ्या परवान्यावर रायफल लिहिली होती म्हणून रायफल घेतली, एवढंच.

विलायती रायफलीची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यावी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी बाहेरून हत्यारं आणणं बंद झालं. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, बाकीच्यांना नाही. म्हणजे बाजारात जी विलायती रायफल फिरते ती बहुतेक चाळीस, पन्नास, साठ वर्षं जुनी असते, कुणा आजोबांची किंवा संस्थानिकाची. तिची किंमत वाढत जाते ती माल येणं बंद झाल्यामुळे, नळीच्या गुणामुळे नव्हे. गिऱ्हाईक मात्र समजतं की एवढे पैसे लागतात म्हणजे वस्तूही तेवढी चांगली असणार. नळी आतून खाल्लेली असली तरी वरचं लाकूड चकचकीत करायला दोन दिवस पुरतात.

शिवाय गोळी. ३१५ च्या काडतुसाच्या बुडाला केएफ अशी अक्षरं असतात, म्हणजे आपली खडकी, पुण्याची. झाशीत बसून खडकीची गोळी हातात घेतली की मला जरा बरं वाटतं, हे आपलं माझं वेड. पण व्यवहार असा की ही गोळी दुकानात मिळते. जुन्या विलायती बोरांच्या गोळ्या मिळत नाहीत, मिळाल्या तर एकेक मोजून, आणि किती जुन्या ते विचारायचं नाही. गोळी नसलेली रायफल म्हणजे लाठीच, तीही जड. आणि सराव? ज्याला एक गोळी उडवताना पोटात कालवतं तो वर्षातून एकदाही झीरो तपासत नाही. बुंदेलखंडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, मग पावसात लाकूड फुगतं, निशाणी सरकते. जो तपासत नाही त्याला हे कळतही नाही.

टपरीवरच्या आम्हा चौघांपैकी एकाने तशीच रायफल घेतली, दुर्बिणीसकट. माणूस उत्तम, माझ्याहून चांगला फायरर. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्याने त्यात घातले, वर्षभरात भरून काढीन म्हणाला. चार वर्षांत त्याने त्या रायफलीतून तीन गोळ्या उडवल्या. चौथी त्याने उडवली नाही. मौरानीपूरच्या बाजूला एका लग्नात तो ती घेऊन गेला, कारण अशी वस्तू असली की लोक म्हणतातच, आणा की, बघू तरी. वरातीत ती या हातातून त्या हातात गेली. माझी ३१५ कुणी मागितली नसती, तशी तिथे दहाजणांकडे होती. कुणा पोरसवदा पाहुण्याने बोल्ट पुढे ढकलला. गोळी समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून आरपार गेली. टाकीच्या पलीकडे दोन मुलं वरात बघत बसली होती. पाणी अंगावर उडालं म्हणून ती हसत होती.

२०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या गोळीबारात बेपर्वाईने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. रायफल जप्त झाली, नोकरी गेली, परवान्याचं प्रकरण चालू आहे. मुलीचं शिक्षण एक वर्ष थांबलं. हा दोष रायफलीचा नाही, भरलेलं हत्यार हातचं सोडणाऱ्याचा आहे, आणि तो स्वतःही हेच म्हणतो. पण मिरवायला घेतलेली वस्तू मिरवली जाते. घेतानाच हे ठरून गेलेलं असतं.

साधी रायफल घ्यायची म्हणजे डोळे मिटून घ्यायची असं नव्हे. एकाच जातीच्या दोन रायफली सारख्या निघत नाहीत. मी दुकानात बसून चार बघितल्या. बोल्ट दहा वेळा मागेपुढे केला, कुठे अडतो का बघितलं. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघितलं, कड्या स्वच्छ हव्यात, डाग नको. फोरसाइट सरळ उभी आहे का ते मागून बघितलं. डमी काडतुसं मॅगझिनमध्ये भरून पाचही बिनबोभाट चेंबरमध्ये जातात आणि बाहेर पडतात का ते तपासलं. ट्रिगर जड आहे म्हणून कुणी नाक मुरडेल. माझ्या मते राखणीच्या हत्याराचा ट्रिगर थोडा जडच बरा. दुकानदार कंटाळला, मला काही घाई नव्हती. वाचलेल्या पैशांतून भिंतीत बोल्ट केलेली लोखंडी पेटी घेतली, जिची किल्ली एकच आणि ती माझ्या कमरेला. फुलथ्रू, चिंदी आणि तेल. उरलेलं मुलाच्या फीच्या खात्यात.

नेमबाजीच्या संघातल्या कॅडेटांच्या पालकांसाठी थोडं वेगळं लिहायला हवं, कारण तिथे महाग वस्तूला खरोखर अर्थ असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं, ते काही ३१५ घेऊन मिळत नाही. तीही बोल्ट अॅक्शनच, पण एकेक गोळी हाताने भरायची, आणि तिचा एकेक स्क्रू अंगाच्या मापाने बसवलेला. त्या उंचीवर दशांशाचा फरक पडतो. पण सातवी-आठवीतल्या मुलासाठी कर्ज काढून जर्मन रायफल आणणारे पालक मी बघितले आहेत. मुलगा वर्षाला दोन-तीन इंच वाढतो, बट आज बसला तो पुढच्या वर्षी तोकडा. शाळेच्या पॉइंट टू-टू वर ज्याचा पाच गोळ्यांचा ग्रुप नाण्याखाली झाकला जात नाही, त्याला दुसरी रायफल देऊन तो झाकला जाणार नाही. आधी श्वास, मग बोट. प्रशिक्षक जेव्हा स्वतःहून म्हणतील की आता रायफल मुलाला मागे खेचते आहे, तेव्हा कर्जाचा विचार करा, आणि तेव्हा मागे हटू नका.

चिरंजीवांना मी हे सगळं सांगितलं नाही, एवढं ऐकायला ते थांबले नसते. त्यांच्या हातात फुलथ्रू दिला आणि नळी साफ करायला बसवलं. अर्ध्या तासाने नळी उजेडाला धरून म्हणाले, "आतून छान आहे की." निवडणूक लागली की हत्यारं जमा करावी लागतात. मागच्या वेळी रायफल परत आली तेव्हा बटावर बोटभर लांबीचा ओरखडा होता. मी त्यावर थोडं जवसाचं तेल चोळलं आणि पेटीत ठेवून दिली.