कुलूपबंद फ्लॅट आणि अकरा महिने

निवृत्तीच्या पैशांतून दुसरा फ्लॅट घ्यायचा आणि त्याला कुलूप लावून ठेवायचे, ही आपल्या मध्यमवर्गाची खास रीत. ‘भाडेकरू शिरला की घर गेले’ हे वाक्य पुण्यात नि ठाण्यात मी इतक्यांदा ऐकले आहे की ते सुभाषितच वाटावे.

ही भीती हवेतली नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधून ठेवली. मालकांनी मग ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारावर राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरूच करून टाकले. ज्या घरांना ही झळ लागली, त्यांची नातवंडेही अजून धास्तावलेली असतात.

पण तो कायदा गेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार मुदत संपली की लायसन्सधारकाने राहते घर सोडले पाहिजे. अडून बसला तर दुप्पट शुल्क भरावे लागते. एवढे संरक्षण असूनही आपण स्टॅम्पपेपरवर सही घेतो आणि ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’ म्हणून मोकळे होतो. हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला; तिथे वर्षावरील भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती आहे. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेलाच हवा. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही! चार पैसे वाचवायला जाऊन माणसे आपलेच कवच उतरवून ठेवतात.

बँकेत हयात गेल्याने हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. ऐंशी लाखांचा फ्लॅट, वीस हजार भाडे, एक महिना रिकामा. हाती आले दोन लाख वीस हजार. देखभाल, घरपट्टी, रंगरंगोटीचे चाळीस हजार वजा करा. उरले सव्वादोन टक्के, तेही प्राप्तिकराआधीचे. मुदतठेवीत याहून जास्त मिळते. तेव्हा केवळ भाड्यासाठी कर्ज काढून घर घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत. पण घेतलेच असेल, तर कुलूप लावूनही देखभाल चुकत नाही आणि ओल मात्र भिंतीत मुरते. सोसायटी बिनभोगवटा शुल्क मागते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच.

अनामत रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. ती खर्चून बसलेले मालक ऐनवेळी भिंतीवरचे खिळे मोजू लागतात! पंखे, गिझर, नळ यांची यादी आणि वीजमीटरचा आकडा पहिल्याच दिवशी लिहावा, दोघांनी सह्या कराव्यात, आणि एक प्रत राहणाऱ्याच्या हाती द्यावी.